पहिल्या पानाचं पॅकेज

ज्याच्या नावावर एखादी वेबसाइट आहे, अशा व्यावसायिकाला तो मेल कधी ना कधी येतोच. पाठवणाऱ्याने आपली वेबसाइट नुकतीच पाहिलेली असते, ती त्याला फार आवडलेली असते, फक्त तिच्यात काही गंभीर चुका असतात; आणि त्या दुरुस्त करून तीन महिन्यांत ती गूगलच्या पहिल्या पानावर, जमल्यास पहिल्या क्रमांकावर, आणून देण्याची त्याची तयारी असते. सोबत सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं असतात. हाच मेल शेजारच्या दुकानदारालाही गेलेला असतो आणि त्यालाही पहिलाच क्रमांक कबूल केलेला असतो. गावातल्या सगळ्यांनी गोल्ड घेतलं तर पहिल्या क्रमांकावर बसणार कोण, याचा खुलासा मेलमध्ये नसतो; बहुधा प्लॅटिनमवाला. ज्याला गूगलवर हमखास पहिलं येण्याची विद्या अवगत आहे, त्याला गिऱ्हाईक शोधण्यासाठी अनोळखी लोकांना मेल का पाठवावे लागतात, हेही कोणी विचारत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. असे मेल आपल्यालाही येतात, अशी नोंदही गूगलने तिथेच केली आहे. म्हणजे गूगलची वेबसाइट शोधयंत्रांत नीट दिसत नाही, हे गूगललाच कळवून मदतीचा हात पुढे करणारे परोपकारी लोक जगात आहेत.

एवढं असूनही मेलवाल्याचा धंदा चालतो, कारण गूगल हे एक खातं आहे आणि तिथे ओळख लागते, अशी आपली मनोमन खात्री असते. एसईओवाला, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणून देण्याचा धंदा करणारा, हा त्या खात्यातला ओळखीचा माणूस. तो सांगेल ते करायचं: अमुक शब्द पानावर अमुक वेळा घालायचा, महिन्याला चार लेख टाकायचे, प्रत्येक लेख किमान पंधराशे शब्दांचा, आणि पाचशे बॅकलिंक, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक. पाचशेच का, हे विचारायचं नसतं. वास्तविक गूगलला आपल्या वेबसाइटमध्ये काडीचाही रस नाही. त्याला रस आहे तो शोधणाऱ्या माणसात, कारण तो माणूस उद्या परत आला तरच त्याला जाहिराती दाखवता येतात. त्या यंत्राचा सगळा खटाटोप गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखण्यासाठी चालला आहे. तेव्हा यंत्राच्या मागे धावणारा माणूस हा गिऱ्हाइकाच्या मागे धावणाऱ्याच्या मागे धावत असतो, आणि म्हणून कायम दोन पावलं मागे असतो. खरी गंमत याच्याही पुढची आहे. गिऱ्हाईक जे शोधत असतं, नेमकं तेच न सांगण्याची दक्षता आपल्याकडच्या पुष्कळ व्यावसायिक वेबसाइट घेत असतात. आधी लपवायचं आणि मग सापडावं म्हणून दरमहा पैसे मोजायचे, अशी ही एकंदर व्यवस्था आहे.

यंत्राला चकवण्याचा इतिहास शोधयंत्रांइतकाच जुना आहे. सुरुवातीची यंत्रं पानावरचे शब्द मोजत, तेव्हा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहिण्याची कला भरात होती. माणसाला दिसू नये आणि यंत्राला दिसावं, असं ते साहित्य. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी काढली तेव्हा त्यांची कल्पना विद्यापीठातली होती. ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर अभ्यासक वारंवार देतात तो महत्त्वाचा, तसं ज्या पानाकडे इतर पानं लिंक देऊन बोट दाखवतात ते महत्त्वाचं. थोडक्यात, प्रत्येक लिंक म्हणजे एक मत. मत म्हटल्यावर पुढे काय झालं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मतं विकत मिळू लागली, मग घाऊक मिळू लागली. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने यादीतून काढून टाकली, कारण तिने यंत्राला दाखवायची पानं वेगळी आणि माणसाला दाखवायची वेगळी ठेवली होती; यंत्राच्या पानांवर वापरलेल्या गाड्यांच्या नावाने अखंड नामस्मरण चालू होतं. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. कपडे म्हणा, गालिचे म्हणा, शोधात हीच पहिली, आणि त्यामागे भलभलत्या विषयांच्या वेबसाइटवर पेरलेल्या लिंक. गूगलने काही तासांत तिला कित्येक पानं मागे ढकललं. २०१२ साली तर पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांत गूगलच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाची लिंक सापडली आणि गूगलला स्वतःच स्वतःला शिक्षा करण्याचा दुर्मीळ योग आला. बीएमडब्ल्यूला जे पचलं नाही, ते आपल्या सिल्व्हर पॅकेजला पचेल ही श्रद्धा थोर आहे. पानाच्या आत, माणसाला न दिसणारा ‘कीवर्ड’ नावाचा मेटा टॅग आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, असं गूगलने २००९ साली जाहीर केलं. तरीही तो टॅग मन लावून भरून देणारे लोक आजही आहेत आणि त्याचे पैसे घेणारेही आहेत.

युक्ती कुठवर जाऊ शकते याचा कळस न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळतो. लोक फोनवर ‘जवळचं थाई जेवण’ अशा अर्थाचा इंग्रजी शोध घेतात, म्हणून मॅनहॅटनमधल्या एका रेस्टॉरंटचं नावच ‘थाई फूड निअर मी’ असं ठेवलं गेलं. आपल्याकडे पाटी बदलण्याइतकी हिंमत नसते, म्हणून गूगल मॅपवर नावाला शेपूट लावतात. पाटीवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स’ आणि मॅपवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स बेस्ट एसी रिपेअर इन कोथरूड चीप रेट’. मॅपवरचं नाव पाटीवरच्या नावासारखंच असावं असा गूगलचा नियम आहे, आणि शेपूट फार वाढली तर नोंद निलंबित होऊ शकते. स्थानिक शोधात तीन गोष्टी पाहिल्या जातात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध, गिऱ्हाइकापासूनचं अंतर आणि तुमची प्रसिद्धी. यातलं अंतर कोणत्याही पॅकेजने कमी होत नाही. चिंचवडचं दुकान प्लॅटिनम घेऊनही कोथरूडला येत नाही. प्रसिद्धीत लोकांचे अभिप्राय धरले जातात, म्हणून एकाच दिवशी वीस जण पाच तारे देऊन ‘नाइस’ एवढंच लिहून जातात. त्यापेक्षा मंगल कार्यालयात जिलबी संपल्याची तक्रार करणारा पाहुणा आणि त्याला मालकाने दिलेलं सभ्य उत्तर, हे दोन्ही मिळून पुढच्या गिऱ्हाइकाला जास्त सांगून जातात. अंतराचा एक फायदा मात्र मालकाला रोज मिळतो. तो आपल्याच गल्ल्यावर बसून आपल्याच फोनवर ‘जवळचं दुकान’ शोधतो, त्याचंच दुकान पहिलं येतं, आणि पॅकेजचा पुढचा हप्ता तो आनंदाने भरतो.

आता लपवाछपवीचा पुरावा. त्यासाठी मंगल कार्यालयाइतकं चांगलं उदाहरण नाही. लग्न ठरलेल्या घरातला माणूस कार्यालय शोधतो तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात: किती माणसं बसतात, भाडं किती, डिपॉझिट किती, खोल्या किती, एसी आहे का, गाड्या कुठे लावायच्या, केटरर बाहेरचा चालतो की तुमचाच घ्यावा लागतो, वीज गेली तर जनरेटर आहे का. जेवणाचं झालं की तरुण मंडळींचा प्रश्न, डीजे किती वाजेपर्यंत. त्याचं उत्तर तर केंद्र सरकारने २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच देऊन ठेवलं आहे, की रात्री दहानंतर उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद. आता हा माणूस कार्यालयाची वेबसाइट उघडतो. आधी ड्रोनने काढलेला व्हिडिओ उतरू लागतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष. तेवढ्यात इथे सनईचा पहिला सूरही लागलेला नसतो. मग ‘जिथे स्वप्नं साकार होतात’ हे वाक्य डावीकडून येतं आणि उजवीकडे जातं. त्याखाली गाउन घातलेल्या परदेशी नवरीचा फोटो, जिने या कार्यालयाचा पत्ता जन्मात ऐकलेला नाही. मग ‘आमच्याविषयी’, त्यात व्हिजन, मिशन आणि संचालकांचं मनोगत. भाडं नाही. माणसांची संख्या ‘भरपूर’. फोन नंबर आहे, पण तो चित्रात रंगवलेला, बोट टेकवून लागत नाही. एक फॉर्म आहे; तो भरून पाठवला की कुठे जातो हे कार्यालयात कोणालाच माहीत नसतं. आणि या सगळ्या पानाचं शीर्षक, जे गूगलच्या यादीत सगळ्यात ठळक दिसायचं, ते आहे ‘होम’.

याच्या उलट पुण्यातल्या दुकानांवरच्या पाट्या पाहा. ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील’, ‘आमची कोठेही शाखा नाही’. लोक त्यातल्या ताठ्याला हसतात, पण गिऱ्हाइकाच्या ओठावर प्रश्न येण्याआधी त्याचं उत्तर कमीत कमी शब्दांत दारावरच लिहून ठेवणं, याहून चांगला एसईओ अजून कोणाला सुचलेला नाही. वेबसाइटचं निम्मं काम एवढंच आहे, आणि ते करायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. काउंटरवर फोन घेणाऱ्या माणसाला आठवडाभर एक वही द्यावी आणि लोक विचारतात ते प्रश्न लोकांच्याच शब्दांत लिहायला सांगावेत. तो ‘सर्वसमावेशक सोहळा व्यवस्थापन’ असं एकदाही लिहिणार नाही. ‘मुंजीला दोनशे माणसांचा हॉल आहे का’ असंच लिहील, आणि गूगलवरही लोक तेच विचारतात, कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांतल्या मराठीत, कधी इंग्रजीत. लग्न, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण यांना वेगवेगळं पान असावं आणि शीर्षकात ‘होम’च्या जागी कार्यालयाचं नाव, गाव आणि माणसांची संख्या यावी. मजकूर मजकूर म्हणूनच असावा. मराठीचा या बाबतीत जुना भोग आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर माणसाला मराठी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांची अगम्य जुळणी असे, आणि यंत्राला तीच दिसे. युनिकोड आलं, तो प्रश्न मिटला, आणि आपण लगेच दरपत्रकाचा फोटो काढून तो वेबसाइटवर चिकटवायला लागलो. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोचले, हे गूगल सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं. फुकट असल्यामुळे ते कोणत्याही पॅकेजमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप मालकाचा: भाडं उघड लिहिलं तर शेजारच्या कार्यालयाला कळेल. शेजारच्याला ते कधीच कळलेलं असतं. नवरीचा मामा बनून त्याने मागच्याच महिन्यात फोन केलेला असतो, आणि आपणही त्याच्याकडे नवऱ्याचे काका म्हणून चौकशी केलेली असते. ज्याला कळलेलं नसतं तो एकटा गिऱ्हाईक. दुसरं म्हणणं असं की भाडं मुहूर्तावर, दिवसांवर आणि जेवणावर ठरतं, एक आकडा लिहायचा कसा? हे म्हणणं रास्त आहे, पण उत्तर सोपं आहे: लग्नसराईत अमुकपासून अमुकपर्यंत, एरवी अमुक, जेवण वेगळं. तिसरं, आणि मनातलं खरं कारण, हे की आकडा पाहूनच माणूस पळेल, फोनवर आला तर आपण त्याला बोलून पटवू. यात एक गोष्ट सुटते. ज्याला भाडं झेपणार नाही, तो फोनवर दहा मिनिटं बोलूनही पळणारच आहे. आणि ज्याला झेपणार आहे, तो आकडा न दिसल्यामुळे आकडा लिहिलेल्या दुसऱ्या कार्यालयाला फोन लावतो. लपवलेल्या आकड्याने न परवडणारी गिऱ्हाइकं जमतात आणि परवडणारी जातात. व्यवसायाच्या दृष्टीने ही उलटी चाळणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समोरच्याने लिंक विकत घेतल्या, खोटे अभिप्राय लिहवले, आणि तो वरच्या क्रमांकावर मजेत बसला आहे. मग सज्जनपणे दरपत्रक लिहिणाऱ्याने काय मिळवलं? हे खरं आहे की युक्त्या चालतात, आणि गूगलला सगळ्या सापडत नाहीत. पण त्या किती दिवस चालतील हे युक्ती करणाऱ्याच्या हातात नसतं. २०११ साली गूगलच्या पांडा नावाच्या बदलाने पोकळ मजकुराच्या वेबसाइट खाली ओढल्या, २०१२ साली पेंग्विनने विकतच्या लिंकांचा समाचार घेतला. नावं प्राणिसंग्रहालयातली असली तरी परिणाम गंभीर झाले. जेसी पेनीकडे शेकडो दुकानं होती, ती गूगलवाचूनही चालली. एका कार्यालयाची वेबसाइट एका लग्नसराईपुरती गायब झाली तर वर्षाचा हिशेब बिघडतो. याच आक्षेपाचं दुसरं टोक असं, की गूगलच्या बोलण्यावर तरी विश्वास का ठेवावा? ठेवू नयेच. लोकांच्या क्लिकचा क्रमवारीसाठी उपयोग होतो का, या प्रश्नाला गूगलचे लोक वर्षानुवर्षं बगल देत होते. २०२३ साली वॉशिंग्टनमध्ये गूगलवर चाललेल्या मक्तेदारी खटल्यात गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीत नॅवबूस्ट या यंत्रणेची माहिती आली: लोक कशावर क्लिक करतात, याची तेरा महिन्यांची नोंद ती वापरते. म्हणजे गूगलने लपवलेलं गुपित बाहेर पडलं, ते काय, तर गिऱ्हाईक कुठे जातं यावर आमचं लक्ष असतं. यात एसईओवाल्यांसाठी नवा मंत्र काहीच नव्हता. युक्तीने ओढून आणलेला माणूस भाडं न सापडल्यामुळे परत फिरत असेल, तर त्याला ओढून आणण्यात अर्थ नाही, एवढंच त्यातून निघतं.

तिसरा आक्षेप ताजा आहे: आता एआय आलं, लोक वेबसाइट उघडणारच नाहीत, एसईओ संपला. २०२४ साली गूगलने शोधाच्या डोक्यावर एआयचं तयार उत्तर द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत मे महिन्यात आणि भारतात ऑगस्टमध्ये. अमेरिकेतल्या पहिल्याच दिवसांत त्याने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालण्याचा सल्ला दिला. रेडिटवर कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी केलेला विनोद त्याने गंभीरपणे घेतला होता. पण या गमतीवर विसंबून राहू नये, ते यंत्र सुधारत राहणार. ज्यांचा धंदाच माहितीपर लेखांवर चालतो त्यांना त्याचा खरा फटका बसतो, हे मान्यच करावं लागेल. मंगल कार्यालयाचा धंदा तो नाही. ‘विवाहसंस्काराचं महत्त्व’ या विषयावरचा त्याचा पंधराशे शब्दांचा लेख कोणी वाचणार नाही, आणि तो आधीही कोणी वाचत नव्हतं. एआयला सप्तपदीचा अर्थ सांगता येईल. तुमच्याकडे बाहेरचा केटरर चालतो का, हे तुम्ही कुठेतरी लिहिल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही. आणि जिथे लिहिलेलं नाही तिथे ते अंदाजाने ठोकून देणार नाही, याची खात्री गोंदवाल्या सल्ल्यानंतर कोणी द्यावी? उलट आता एआयकडूनच शंभर लेख लिहवून घेऊन टाकण्याची पॅकेजं निघाली आहेत. क्रमवारीसाठी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्येच नियम कडक केला. यंत्राने लिहायचं, यंत्राने वाचायचं आणि यंत्राने शिक्षा करायची, या व्यवहारात माणसाकडे फक्त बिल येतं.

म्हणून एसईओ करणारे सगळे भोंदू, असा याचा अर्थ नाही. हजारो वस्तू विकणाऱ्या दुकानाची पानं यंत्राला नीट वाचता येतील अशी मांडणं, वेबसाइटचा पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्यावर पोचवणं, चुकून गूगललाच दार बंद करून ठेवणारी फाइल शोधून काढणं, ही खरी आणि कसबाची कामं आहेत. ती करणारा माणूस शब्द मोजत बसत नाही, आणि हमी तर देतच नाही. फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, हे तो आधीच सांगतो. त्याला बोलावण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्यावी. ज्याने आपलं कार्यालय कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हातात फोन देऊन आपली वेबसाइट उघडायला सांगावी, आणि कोणालाही न विचारता भाडं, माणसांची संख्या आणि गाड्यांची सोय त्याला दोन मिनिटांत सांगता येते का ते पाहावं. सांगता आली तर गोल्ड पॅकेजची गरज कमी आहे. नाही आली तर गोल्ड पॅकेज घ्यायला हरकत नाही; आपण काहीच सांगत नाही, ही गोष्ट तेवढी जास्त लोकांपर्यंत पोचेल.